रंग जळला की गेला: दिवसाच्या आतषबाजीवर तुमचे प्रश्न

गेल्या अंकात दिवसा उडवायच्या रंगीत धुरावर अर्धं पान लिहिलं आणि त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलचक पत्रं कापलीत, राग मानू नका.

प्रश्न: रात्रीच्या फटाक्यात लाल रंग स्ट्रॉन्शियममुळे येतो आणि हिरवा बेरियममुळे असं शाळेत शिकलोय. मग दिवसाच्या लाल धुरात पण स्ट्रॉन्शियमच असतं का, आणि ते जास्त घातलं की धूर गडद येतो का?

उत्तर: नाही हो, या दोघांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही. रात्रीचा रंग म्हणजे उजेड. ज्वाळेत तापलेलं स्ट्रॉन्शियम, बेरियम, तांबं स्वतः प्रकाश फेकतं आणि मागे अंधार असतो म्हणून तो उठून दिसतो, भर दुपारी तीच ज्वाळा उन्हापुढे फिकी पडते. धुराला स्वतःचा उजेड अजिबात नसतो. त्यात असतो डाय, कापड-प्लास्टिक रंगवायला वापरतात त्या जातीचा, आणि तो सूर्याच्याच प्रकाशातला आपल्या रंगाचा भाग तेवढा परत पाठवतो, बाकीचा गिळतो.

आता तो डाय हवेत जातो कसा, ही खरी गंमत आहे, कारण पुढच्या जवळजवळ सगळ्या प्रश्नांची उत्तरं इथेच आहेत. डाय जळत नाही, जळून चालणारच नाही. कपाटातली डांबरगोळी कशी कुणी न पेटवता हळूहळू हवेत विरून जाते, तसाच हा डाय काही शे डिग्रीला वाफ होतो, आणि धुराचा मसाला भरलेल्या डब्याच्या भोकातून बाहेर पडून थंड हवा लागली की लगेच परत घट्ट होतो, पण आता खड्यासारखा नाही तर नुसत्या डोळ्याला सुटे दिसणार नाहीत अशा बारीक कणांच्या रूपात. तो कणांचा ढग म्हणजे तुमचा लाल धूर. डब्यातलं बाकीचं सामान फक्त उष्णता द्यायला असतं: साखर किंवा लॅक्टोजसारखं इंधन, ऑक्सिजन देणारं एक रसायन, आणि बहुतेक वेळा खायच्या सोड्यासारखं काहीतरी, जे तापल्यावर फुटतं, फुटताना उष्णता खातं आणि वर कार्बन डायऑक्साइड सोडतं. म्हणजे एकाच वेळी आतलं तापमानही आटोक्यात राहतं आणि वाफ बाहेर ढकलायला गॅसही मिळतो. उष्णता कमी पडली तर डाय वाफच होत नाही, जास्त झाली तर त्याचा रेणू तुटतो आणि रंग संपतो, मग उरतो तो नुसता करडा धूर. या दोन टोकांच्या मधली पट्टी फार अरुंद आहे, आणि चांगला डबा बनवणं म्हणजे धुमसणं त्या पट्टीत शेवटपर्यंत टिकवणं.

प्रश्न: हिरवा धूर म्हणून आणलेल्या डब्यातून आधी मस्त हिरवा आला आणि मधेच भपकन ज्वाळा निघाली, मग शेवटपर्यंत काळपट. माल नकली होता का?

उत्तर: नकलीच असेल असं नाही. ज्वाळा निघाली म्हणजे आतला डायच पेटला, आणि पेटलेला डाय काजळी देणार, हिरवा देणार नाही. याची कारणं साधारण ठरलेली असतात. आतला मसाला पडून-आपटून तडकलेला असतो, मग एकाच वेळी जास्त पृष्ठभाग धुमसतो आणि तापमान वर जातं. किंवा भोक मोठं झालेलं असतं, कागदाची टोपी अर्धवट जळून हवा आत जाते. किंवा डबा आडवा ठेवून वाऱ्याकडे तोंड केलेलं असतं. माल दमट असेल तर उलट होतं, आधी धड पेटत नाही, मग कुठेतरी कोरडा भाग सापडतो आणि तिथून एकदम भडकतो.

तुम्ही डबा हातात धरला होता का ते लिहिलं नाहीये. धरला असेल तर पुढच्या वेळी नको. आत शांत धुमसणं चालू असतानासुद्धा पत्रा किंवा पुठ्ठा चांगलाच तापतो, आणि ज्वाळा निघायची ती सांगून निघत नाही. सपाट दगडावर नाहीतर वाळूच्या बादलीत उभा ठेवायचा, वात पेटवायची आणि मागे यायचं. विझल्यासारखा वाटला तरी वाकून आत बघायचं नाही, बराच वेळ थांबायचं आणि मग पाण्यात बुडवायचं.

प्रश्न: दादा, मी आणि माझे मित्र असा धूर स्वतः बनवायचा म्हणतोय. सोरा आणि साखर गरम करायचा व्हिडिओ बघितलाय, त्यात खायचा रंग किंवा रांगोळीचा रंग टाकला तर चालेल ना? प्रमाण सांगा.

उत्तर: प्रमाण नाही सांगणार, आणि ते फक्त भीतीपोटी नाही, तुम्हाला जे हवंय ते त्यातून निघणारच नाही म्हणूनही. रांगोळीचा रंग म्हणजे बहुतेक खडूच्या नाहीतर दगडाच्या पावडरीवर चढवलेला रंग, ती पावडर कितीही तापवा वाफ होत नाही. खायचे रंग क्षारासारखे असतात, पाण्यात छान विरघळतात पण तापवले की वाफ व्हायच्या आधीच करपतात. धुरात चालणारे डाय वेगळ्या घराण्यातले, पाण्यात न विरघळणारे, त्यातले बरेचसे अँथ्राक्विनोन जातीचे. शिवाय सोरा-साखर पेटली की नाजूक डायला सोसवेल त्यापेक्षा खूप जास्त तापते, म्हणून त्या व्हिडिओतला धूर पांढराच असतो, आणि जिथे तो लाल-निळा दिसतो तिथे बऱ्याचदा एडिटिंगची कृपा असते.

आणि जिथे खरोखर रंग येतो तिथे बहुधा क्लोरेट असतं. हे रसायन साखरेबरोबर कमी तापमानाला पेटतं म्हणून धुराला सोयीचं, पण त्याच कारणाने माणसाला गैरसोयीचं. त्यात गंधकाचा अंश जरी मिसळला, अगदी आधीच्या कामातून भांड्याला चिकटलेला असला तरी, घासल्याने पेटू शकतं, आणि कधी कधी कुणी हात न लावतासुद्धा. ज्या मुलांनी गॅसवर भांडं ठेवून ढवळताना हे शिकायचं ठरवलं त्यांचे हात बघायची वेळ कुणावर येऊ नये. त्यात डाय स्वतःही निरुपद्रवी नसतात. सैन्याच्या स्मोक ग्रेनेडमधले जुने पिवळे डाय आरोग्याच्या काळजीपोटीच काढून त्या जागी सॉल्व्हंट यलो ३३ नावाचा दुसरा डाय आणला गेला, आणि हे झालं पक्क्या कारखान्यात, तुमच्या गच्चीवर तर मास्कही नसेल. केमिस्ट्रीची एवढी हौस असेल ना तर डांबरगोळीचं किंवा कापराचं संप्लवन (म्हणजे न वितळता थेट वाफ होणं) कॉलेजच्या लॅबमध्ये सरांसमोर करून बघा, तत्त्व तेच आहे, थंड काचेवर परत जमलेले स्फटिक दिसतात आणि भुवया जाग्यावर राहतात.

प्रश्न: फोटोसाठी निळा धूर लावला, समोरून बघताना ठीक होता पण फोटोत धुरकट राखाडी आलाय. लाल मात्र झकास आला. कॅमेऱ्याचा दोष की रंगाचा?

उत्तर: आकाशाचा. निळ्या आकाशावर निळा धूर ठेवला तर वेगळा दिसणार कशाने? अमेरिकन सैन्याचा एम १८ नावाचा रंगीत स्मोक ग्रेनेड आहे, ५० ते ९० सेकंद चालतो, तो लाल, हिरवा, पिवळा आणि जांभळा अशा रंगांत येतो. या चौघांत निळा नाही, आणि लांबून ओळखू यायलाच पाहिजे अशा कामाला आकाशाचाच रंग कोण निवडेल. पांढऱ्याचंही तेच, ढगाळ दिवशी पांढरा धूर असून नसल्यासारखा.

दिवसा खेळायचं तर मागे काय आहे ते आधी बघायचं आणि रंग नंतर निवडायचा. गडद झाडी, डोंगराचा सावलीतला उतार, काळी भिंत असली की पिवळा आणि केशरी फाडून दिसतात, निळासुद्धा चांगला येतो. मोकळं आकाश असेल तर लाल, मॅजेंटा, जांभळा. हिरव्या झाडीपुढे हिरवा लावणारे लोक मी बघितलेत, त्यांना काय बोलणार.

दुसरी गोष्ट सूर्याची. तो तुमच्या पाठीमागे किंवा बाजूला असला की धुराचा लोट अंगभर रंग दाखवतो. सूर्य धुराच्या पलीकडे असेल तर बारीक कण त्याचा पांढरा प्रकाश पुढे विखरून टाकतात आणि कडा चमकतात पण रंग धुतल्यासारखा होतो, कुणाला तो इफेक्ट आवडतो, रंग हवा असेल तर नको. तिसरी गोष्ट जाडी. ढग पसरला की प्रत्येक रंग पांढुरका व्हायला लागतो, लालचा गुलाबी होतो, म्हणून चांगला फोटो पहिल्या दहा-पंधरा सेकंदांतच मिळतो, भोकापासून हातभर वर, जिथे लोट अजून घट्ट वळलेला असतो आणि त्याच्या गुंडाळ्या सुट्या सुट्या दिसतात. वारा अगदी बंद असेल तर धूर माणसाच्या तोंडावरच बसतो आणि जोराचा असेल तर दोरीसारखा आडवा पळतो, झुळूक असावी आणि ती एकाच दिशेची असावी. उन्हं कलती झाली की जमीन दुपारइतकी तापत नाही, धूर उगाच उसळत नाही, मला विचाराल तर तीच वेळ.

आणि दोन रंग एकत्र सोडताना हे लक्षात ठेवा की धूर रंगपेटीसारखा मिसळतो, उजेडासारखा नाही. पिवळा आणि निळा एकमेकांत शिरले की मधे हिरवट होतं. लाल-हिरवा एकत्र आले की चिखल.

प्रश्न: हवेत उडून फुटणाऱ्या डे शेलमध्ये रंग इतका पातळ का असतो? जमिनीवरचा छोटा डबा पण त्यापेक्षा जास्त धूर देतो.

उत्तर: कारण डबा एका जागी बसून मिनिटभर ओततो आणि शेलमधली प्रत्येक गोळी पळता पळता ओतते. तेवढाच डाय पन्नास फुटांच्या रेषेवर पसरला तर पातळ होणारच. शिवाय गोळी वेगाने हवा कापत जाते, वाऱ्याने ती थंड पडते, नाहीतर उलट भडकून तिची ज्वाळा होते, दोन्हीत रंग मेला. म्हणून धुराच्या शेलला फोडणारा बार मऊ ठेवतात, रात्रीच्या शेलसारखा कडक बार दिला तर गोळ्या विझतात, फुटतात, आणि बाराच्या स्वतःच्या करड्या धुरात रंग बुडतो तो वेगळाच. यातून लोकांनी काढलेली वाट म्हणजे पॅराशूट: धुराचा डबाच वर नेऊन सोडायचा, तो सावकाश तरंगत खाली येताना जाड पट्टा ओढत येतो. छंद म्हणून बघणाऱ्याला माझ्या मते यातच जास्त पैसा वसूल आहे.

बाकी दिवसाच्या आतषबाजीला धूरच लागतो असं नाही. योकोहामाचे हिरायामा जिंता यांना १८८३ मध्ये अमेरिकेत दिवसाच्या फटाक्यांचं पेटंट मिळालं होतं, त्यांच्या शेलमधून कागदाच्या पोकळ आकृत्या, माणसं, प्राणी असलं काय काय बाहेर पडून हवा भरून तरंगायचं. त्यांच्या कंपनीचे रंगीत कॅटलॉग योकोहामाच्या सार्वजनिक लायब्ररीत जपून ठेवलेत आणि ते बघताना तासभर कुठे जातो कळत नाही. धुराचीच हौस असेल तर चिनी कलाकार त्साइ ग्वो-च्यांग यांचं काम बघा, २०११ मध्ये दोहाला आणि २०१८ च्या नोव्हेंबरात फ्लॉरेन्सला त्यांनी भर दिवसा आकाशात रंगीत धूर मांडला, शेलमध्ये चिप बसवून कुठला कधी फुटणार ते सेकंदाच्या अंशापर्यंत ठरवलेलं. म्हणजे प्रत्येक ठिपका पातळच, पण शेकडो ठिपके एकाच क्षणी आणि नेमक्या जागी. त्याच्या खूप आधी, १९६८ पासून, अमेरिकन कलाकार ज्युडी शिकागो यांनी कॅलिफोर्नियात वाळवंटात नि समुद्रकिनारी जमिनीवरूनच रंगीत धूर सोडून काम केलं, तिथे उलट घट्ट लोट आणि मोकळा निसर्ग. दोन्ही बघितलं की शेल आणि डबा यातला फरक मी सांगायची गरजच उरत नाही.

प्रश्न: एअर शोमधली विमानं पण असेच डबे लावतात का? आणि पोप निवडताना तो काळा-पांढरा धूर?

उत्तर: विमानाचं तंत्र वेगळं पण नातलग. ब्रिटनच्या हवाई दलातल्या कसरती करणाऱ्या रेड ॲरोज या विमानांच्या तुकडीचं उदाहरण घ्या, तिथे इंजिनाच्या तापलेल्या झोतात डिझेल सोडतात, ते वाफ होऊन मागे थंड हवेत बारीक थेंबांचं पांढरं धुकं होतं, आणि रंग हवा असेल तेव्हा त्या डिझेलमध्ये डाय घातलेला असतो. पायलट बटण दाबून चालू-बंद करतो, जे आपल्या डब्याला जन्मात जमणार नाही.

व्हॅटिकनच्या धुरात (पांढरा म्हणजे पोप निवडला, काळा म्हणजे अजून नाही) डाय नाहीच. आधी मतपत्रिका जाळायचे, काळ्यासाठी ओला पेंढा घालून, त्यात धूर पांढरा की काळा यावरून गोंधळ व्हायचा, १९५८ मध्ये तर बऱ्यापैकी झाला होता. आता वेगळ्या यंत्रात काडतुसं वापरतात आणि २०१३ मध्ये त्यांनी स्वतःच सांगितलं की पांढऱ्यात लॅक्टोज आणि राळ असते, काळ्यात अँथ्रासीन नावाचं डांबरातलं रसायन. काळा धूर म्हणजे मुद्दाम अर्धवट जाळलेला कार्बन. वरच्या हिरव्या डब्यात जे चुकून झालं ते इथे ठरवून.

प्रश्न: कार्यक्रमात धुराऐवजी रंगाची पावडर उडवली तर? जळायचं काहीच नाही, म्हणजे सेफ ना?

उत्तर: हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. उडवायच्या रंगाचा बेस बहुतेक वेळा मक्याचं स्टार्च असतं, ते जळतं, आणि हवेत ढगासारखं पसरलं की प्रत्येक कणाला चारी बाजूंनी ऑक्सिजन मिळतो. जून २०१५ मध्ये तैवानच्या एका वॉटर पार्कमध्ये स्टेजवरून उडवलेल्या अशाच पावडरीने पेट घेतला, १५ जण गेले आणि जवळपास ५०० जखमी झाले. तिथे कुणी फटाका लावला नव्हता हो, पावडरच होती. तेव्हा पावडर उडवायचीच तर मोकळ्यावर, थोडी, आणि आसपास गरम लाइट, सिगारेट, ठिणगी, मशीन काही नको. पावडर आणि धुराचा डबा एकाच कार्यक्रमात एकत्र तर कधीच नाही, हे मी दोनदा वाचायला सांगेन.

प्रश्न: माळावर जाऊन लावला तर? तिथे माणूस नाही काणूस नाही.

उत्तर: माणूस नाही पण गवत आहे. सप्टेंबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियात एका कुटुंबाने बाळ मुलगा की मुलगी हे जाहीर करायला वाळल्या गवतात धुराचं साधन लावलं, त्यातून २२ हजार एकरांवर वणवा पसरला आणि आग विझवणारा एक माणूस जिवाला मुकला. धूर 'थंड' असतो असं आपण म्हणतो ते फटाक्याच्या मानाने, वाळल्या काडीला तेवढं पुष्कळ होतं. उघडी माती, फरशी, ओली वाळू, शेजारी पाण्याची बादली, आणि तुमच्या भागात परवानगी लागते का ते आधी विचारून घ्या. दम्याचं कुणी असेल तर वारा जिकडून येतोय त्या बाजूला उभं करा, खरं तर सगळ्यांनीच तिकडे उभं राहावं. बंद हॉलमध्ये लावू का असंही तिघांनी विचारलंय. नाही.

प्रश्न: बोटीवर फोटोशूट आहे, केशरी धूर चालेल?

उत्तर: तोच रंग सोडून कुठलाही. समुद्रावर केशरी धूर म्हणजे आम्ही संकटात आहोत, वाचवा, असा आंतरराष्ट्रीय नियमांत लिहिलेला इशारा आहे. कुणीतरी खरंच बोट घेऊन धावत येईल, आणि त्या वेळी दुसरीकडे कुणी बुडत असेल. खरं तर बोटीवर कुठलाच नको, डबा तापतो आणि खाली इंधनाची टाकी असते, किनाऱ्यावर उतरून ओल्या वाळूत लावा.

प्रश्न: ताईंच्या साडीवर जांभळ्या धुराचे डाग पडलेत, दोनदा धुतली, हलत नाहीत.

उत्तर: साडी कशाची आहे त्यावर आहे. हे डाय पाण्यात विरघळत नाहीत म्हणून नुसत्या पाण्याने धुऊन उपयोग नाही, उलट डाग पसरतो. कॉटन असेल तर आशा जास्त. कापड कोरडं असताना बाहेर नेऊन झटकायचं, चोळायचं नाही, मग आतल्या कोपऱ्यात आधी ट्राय करून कापसाच्या बोळ्याने थोडं स्पिरिट टिपत टिपत लावायचं, बोळा रंगला की बदलायचा, शेवटी भांड्याच्या लिक्विड सोपने धुवायचं. पॉलिएस्टर असेल तर अवघड आहे, कारण धुरातले काही डाय डिस्पर्स जातीचे असतात आणि ती जात पॉलिएस्टर रंगवायलाच वापरतात. निदान डाग जाईपर्यंत इस्त्री, ड्रायर, गरम पाणी यातलं काही लावू नका, कारखान्यात पॉलिएस्टरला हा रंग पक्का बसवतात तो उष्णता देऊनच.